दम कशाचा? हृदयाचा, वयाचा की खुर्चीचा?

पुण्या-मुंबईतल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या सोसायट्यांमध्ये हे दृश्य नवीन नाही. बाहत्तर वर्षांचे आजोबा भाजीची पिशवी घेऊन जिना चढू लागतात आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून थांबतात. दोन वर्षांपूर्वी हाच जिना ते दिवसातून तीनदा चढत होते. मध्यंतरी एका रात्री झोपेत धाप लागली, उशा रचून बसावे लागले, पहाटे रुग्णालयात न्यावे लागले. फुप्फुसांत पाणी साचले होते. कागदावर लिहून आले, 'हार्ट फेल्युअर'. पाणी उतरवणारी औषधे मिळाली, पायांची सूज गेली, वजन चार किलोंनी उतरले आणि पुढच्या इकोत 'पंपिंग ५५ टक्के' असा आकडा आला. डॉक्टर म्हणाले, छान आहे. तरीही जिना काही चढवत नाही.

मग घरात सल्ले सुरू होतात. "बाबा, तुम्ही आता खाली उतरूच नका, भाजी मी आणत जाईन," मुलगा सांगतो. सून चहा, पाण्याचा तांब्या, रिमोट, गोळ्यांचा डबा सगळे हाताशी आणून ठेवते. शेजारचे काका समजूत काढतात, "वय झालं की असं व्हायचंच." सगळे काही मायेपोटी. आजोबाही खुर्चीत बसून राहतात. दोन-तीन महिन्यांनी जिना दूरच, न्हाणीघरापर्यंत जाऊन येतानाही दम लागू लागतो आणि हृदय आणखी बिघडले अशी सगळ्यांची खात्री पटते.

कधी ते खरेच बिघडलेले असते. पण पुष्कळदा नसते. अशा दमाचा हिशेब मांडला तर त्यात एक वाटा हृदयाचा निघतो, एक वयाचा आणि एक खुर्चीचा. हृदयासाठी औषधे आहेत, वयाला इलाज नाही. खुर्चीच्या वाट्याबाबत मात्र बरेच काही करता येते आणि सत्तरीच्या माणसात हा वाटा घरच्यांना वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो.

पंपिंगचा आकडा नेमके काय सांगतो?

'हार्ट फेल्युअर' हे नावच घाबरवणारे आहे. हृदय 'फेल' झाले म्हणजे आता ते थांबणार, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात अर्थ एवढाच, की शरीराला हवे तेवढे रक्त हृदय पुरवू शकत नाही, किंवा पुरवते पण त्यासाठी हृदयातला दाब फार वाढतो आणि त्यामुळे फुप्फुसांत, पायांत पाणी साचते.

इकोच्या अहवालात ज्याला सगळे 'पंपिंग' म्हणतात, तो आकडा म्हणजे हृदयाचा डावीकडचा खालचा कप्पा भरल्यावर त्यातले किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडते, ते प्रमाण. निरोगी माणसातही ते शंभर टक्के कधीच नसते. ५५ आकडा पाहून 'जेमतेम पास' असे समजणारी मंडळी आहेत, पण हा परीक्षेचा निकाल नव्हे. ५५ चांगला आकडा आहे. गंमत अशी, की हार्ट फेल्युअरच्या जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये हा आकडा चांगलाच असतो. त्यांचे हृदय नीट आकुंचन पावते, पण ते ताठर झालेले असते. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात ते पुरेसे सैल होत नाही, त्यामुळे भरतानाच त्याला त्रास होतो. हा प्रकार प्रामुख्याने वयस्कांत, त्यातही स्त्रियांमध्ये, जुना रक्तदाब, मधुमेह किंवा स्थूलपणा असणाऱ्यांत दिसतो.

दुसरी गोष्ट, इको काढतात तेव्हा माणूस आडवा पडलेला असतो. दम लागतो तो जिन्यावर. निजलेल्या अवस्थेतल्या पंपिंगवरून माणूस किती चालू शकेल याचा अंदाज बांधता येत नाही, हे अभ्यासकांनी १९८१ च्या सुमारासच दाखवून दिले होते. २५ टक्के पंपिंग असूनही बागेत दोन फेऱ्या मारणारे लोक असतात आणि ६० टक्के असूनही अंगणात थकणारे असतात. मग चालण्याची ताकद ठरते कशावर?

टँकर आणि हंडे

ही ताकद मोजायची एक नेमकी पद्धत आहे. तोंडाला मास्क लावून माणसाला ट्रेडमिलवर चालवतात किंवा सायकल मारायला लावतात आणि थकून थांबण्याच्या क्षणी त्याचे शरीर मिनिटाला किती ऑक्सिजन वापरत होते, ते पाहतात. वजनाच्या दर किलोमागे किती मिलिलिटर, असा हा आकडा मांडला जातो. त्यामागचे सूत्र जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी १८७० मध्ये सांगितले. शरीराने वापरलेला ऑक्सिजन दोन गोष्टींवर ठरतो. हृदयाने मिनिटाला किती रक्त पाठवले, आणि त्या रक्तातून स्नायूंनी किती ऑक्सिजन काढून घेतला.

दुष्काळी गावात टँकर येतो तेव्हाही हिशेब असाच असतो. टँकर किती आले हे महत्त्वाचेच, पण लोकांकडे हंडे-कळश्या किती आहेत आणि भरायला माणसे किती आहेत, यावरही घरात किती पाणी येते ते ठरते. हंडेच कमी असतील तर टँकर अर्धा भरलेलाच परत जातो. हृदयरोगाच्या चर्चेत सगळे लक्ष टँकरवर असते. हंड्यांची चौकशी फारशी कोणी करत नाही.

आता जिन्याकडे येऊ. नुसते बसून राहायला माणसाला किलोमागे मिनिटाला साधारण साडेतीन मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. सपाटीवर बऱ्यापैकी चालायला त्याच्या तिप्पट, म्हणजे साधारण १०. सावकाश जिना चढायला चौपट, म्हणजे १४. हे खर्च सगळ्यांना जवळपास सारखेच, तरुण असो वा म्हातारा. फरक पडतो तो मिळकतीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पंपिंग चांगले असलेल्या वयस्क रुग्णांचा कमाल आकडा सुमारे १४ भरला, तर त्याच वयाच्या निरोगी माणसांचा सुमारे २०. म्हणजे निरोगी आजोबांना जिना चढल्यावरही काही शिल्लक उरते. आजारी आजोबांची सगळी मिळकत पहिल्याच मजल्यावर खर्च होते. हातात पाच किलोंची पिशवी असेल तर उधारी सुरू होते आणि कठडा धरावा लागतो.

वय एकटे काय करते?

आजार नसतानाही वय ही मिळकत कमी करतच असते. बाल्टिमोर येथे निरोगी लोकांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा तपासणारा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातल्या ८१० जणांच्या नोंदी २००५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. विशी-तिशीत दर दहा वर्षांना ही क्षमता ३ ते ६ टक्क्यांनी घटते, पण सत्तरीनंतर त्याच दहा वर्षांत २० टक्क्यांहून अधिक घट होते, असे त्यात दिसले. उतार सारखा नसतो, पुढे तो तीव्र होत जातो. म्हणूनच अनेकांना 'परवापर्यंत बरा होतो' असे वाटते.

यात हृदयाचा भाग आहेच. विशीत जोराने धावले तर ठोके मिनिटाला दोनशेपर्यंत जातात, सत्तरीत दीडशे-एकशे साठच्या पुढे जात नाहीत. ॲड्रेनलिनची हाक हृदयाला पूर्वीसारखी ऐकू येत नाही. मोठ्या रक्तवाहिन्या रबरी नळीसारख्या न राहता कडक होतात, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. हृदय सैल होऊन भरण्याच्या सुरुवातीचा वेग विशीपासून ऐंशीपर्यंत साधारण निम्म्यावर येतो. विश्रांतीच्या वेळचे पंपिंग मात्र वयामुळे घटत नाही. इको पाहून हृदय तरुण आहे असे वाटावे आणि जिन्यावर त्याचे वय कळावे, असा हा प्रकार.

बारकाईने पाहिले तर ही सारी यादी हार्ट फेल्युअरच्या यादीशी जुळते. ठोके न वाढणे, ताठर हृदय, कडक रक्तवाहिन्या हे सगळे तिकडेही असते. वय जे हळूहळू करते, तेच आजार घाईने करतो. त्यामुळे सत्तरीच्या रुग्णात यातले किती वयाचे आणि किती आजाराचे, हे वेगळे काढणे तज्ज्ञांनाही अवघड जाते.

ठोके वाढत नाहीत हाच मुख्य अडथळा असेल, तर पेसमेकरने वाढवून पाहावेत, असे कोणालाही सुचेल. तसे करूनही पाहिले गेले. चांगल्या पंपिंगचे हार्ट फेल्युअर असलेल्या २९ रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. पेसमेकरने व्यायामाच्या वेळचे ठोके वाढले, पण माणसे अधिक चालू शकली नाहीत. ठोके वाढले तसे दर ठोक्यातले रक्त कमी झाले. टँकरच्या फेऱ्या वाढल्या, पण प्रत्येक टँकर कमी भरून आला.

खाटेवरचे तीन आठवडे

हंड्यांचे, म्हणजे स्नायूंचे महत्त्व कळायला एक जुना प्रयोग आठवावा लागतो. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे खाटेवर झोपवून ठेवण्यात आले. उठायचे नाही, चालायचे नाही. त्या काळी हृदयाच्या झटक्यानंतर रुग्णांना कित्येक आठवडे अंथरुणात ठेवण्याचा रिवाज होता, त्या पार्श्वभूमीवर हा प्रयोग महत्त्वाचा ठरला. तीन आठवड्यांनी त्या तरुणांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे पाव हिश्श्याने घटली होती. पुढे कसून व्यायाम दिल्यावर ती भरून आली.

खरी गंमत तीस वर्षांनी झाली. १९९६ मध्ये तेच पाचही जण पन्नाशीत पुन्हा तपासणीला आले. मधल्या काळात त्यांचे वजन वाढले होते, चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते. पण कमाल क्षमतेतली तीस वर्षांची घट ही खाटेवरच्या तीन आठवड्यांतल्या घटीपेक्षा कमी निघाली! विशीतल्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने तीन दशकांच्या वयापेक्षा जास्त नुकसान केले होते. त्यानंतर त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम दिला, तेव्हा तीस वर्षांत गेलेली क्षमता बरीचशी परत आली. आणि ती हृदय जास्त रक्त पाठवू लागल्यामुळे आली नव्हती. स्नायू रक्तातून जास्त ऑक्सिजन काढून घेऊ लागले होते.

पाच माणसांच्या प्रयोगावर फार मोठे इमले बांधू नयेत हे खरे. शिवाय हे सगळे निरोगी होते. पण वयस्कांबाबत जे पुढे कळले ते याच दिशेचे आहे आणि अधिक काळजीचे आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठी-सत्तरीतल्या निरोगी स्वयंसेवकांना केवळ दहा दिवस अंथरुणात ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो वजन गेले, आणि ते चरबीचे नव्हते. धाप लागून रुग्णालयात दहा दिवस काढलेल्या आजोबांना तर त्यात आजाराचा ताप, तुटलेली झोप आणि दोन घास कमी जाणारे जेवण यांचीही भर असते. ते घरी येतात तेव्हा सूज उतरलेली असते, वजन उतरलेले असते आणि सगळे खूश असतात. उतरलेल्या चार किलोंत पाणी किती आणि मांडीचा स्नायू किती, हे कोणी विचारत नाही.

हार्ट फेल्युअर स्वतःही स्नायू खाते. या आजारात स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या विरळ होतात, पेशींतले ऊर्जा बनवणारे कारखाने कमी होतात आणि प्रथिने मोडून टाकणारी यंत्रणा जोरात चालू लागते. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी ६० रुग्ण आणि ६० निरोगी माणसे घेतली. दोन्हींत निम्मे ५५ किंवा त्याखालचे, निम्मे ६५ किंवा त्यावरचे. मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. स्नायूंची प्रथिने मोडीत काढायला खुणा करणारा एक विशिष्ट रेणू रुग्णांमध्ये वाढलेला आढळला. मग चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम दिला. तो रेणू उतरला, क्षमता वाढली, आणि हे तरुण रुग्णांइतकेच वयस्क रुग्णांतही झाले. २०१२ मध्ये हे निष्कर्ष आले. 'या वयात आता काय फरक पडणार' या वाक्याला इतके थेट उत्तर क्वचितच मिळते.

पंपिंग चांगले असलेल्या वयस्क रुग्णांनाही चार महिने व्यायाम देऊन पाहिले गेले आहे. तिथेही क्षमता वाढली. हृदय मात्र जवळपास होते तसेच राहिले, सुधारणेतला मोठा वाटा स्नायूंचा होता. पंपिंग फार कमी असलेल्यांच्या बाबतीत टँकरच मुळात अपुरे असतात, तिथे औषधांचे काम जास्त महत्त्वाचे. तरीही अशा २३३१ रुग्णांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत व्यायाम सुरक्षित ठरला, फायदाही थोडा दिसला. मात्र त्या चाचणीतल्या रुग्णांचे मधले वय ५९ होते. ज्यांना दम सर्वाधिक लागतो त्या सत्तरी-ऐंशीतल्यांना अशा चाचण्यांत फार काळ जागाच मिळत नव्हती.

आधी तोल, मग चाल

ती उणीव २०२१ मध्ये काही अंशी भरून निघाली. अमेरिकेतील एका चाचणीत साठ वर्षांवरच्या ३४९ रुग्णांना घेतले गेले. हे सगळे हार्ट फेल्युअर बळावून नुकतेच रुग्णालयात दाखल झालेले होते. प्रत्येकाला सरासरी आणखी पाच आजार होते आणि ९७ टक्के माणसे अशक्त किंवा अशक्तपणाच्या उंबरठ्यावर होती. म्हणजे अगदी खरे, रोजच्या वॉर्डातले रुग्ण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याशिवाय तीन महिने खास व्यायाम.

या व्यायामाची रचना समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडे हृदयरुग्णाला सांगितले जाते, 'रोज अर्धा तास चाला.' ज्याला उभे राहताना टेबलाचा आधार लागतो त्याला हे सांगणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला समुद्र दाखवणे. तो दोन दिवस प्रयत्न करतो, दमतो, कुठे तरी तोल जातो आणि बंद करतो. या चाचणीत चालणे हा चारांपैकी एक भाग होता. बाकीचे तीन म्हणजे ताकद, तोल आणि हालचालीतला सुटसुटीतपणा. ज्याची जी बाजू लंगडी, तिथून सुरुवात. खुर्चीतून उठणे-बसणे, टाचा उचलणे, पाय जोडून स्थिर उभे राहणे, वळणे. रुग्णालयातच सुरुवात करून पुढे आठवड्याला तीन वेळा.

तीन महिन्यांनी तोल, चालण्याचा वेग आणि खुर्चीतून उठणे यांच्या १२ गुणांच्या चाचणीत व्यायाम करणाऱ्यांना सरासरी ८.३ गुण मिळाले, इतरांना ६.९. ऐकायला फरक लहान आहे. पण या वयात तो एकट्याने आंघोळ करणे आणि कुणाला तरी हाक मारावी लागणे यांतला फरक असू शकतो. पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात मात्र सहा महिन्यांत लक्षणीय फरक पडला नाही. व्यायामाने आयुष्य वाढते, ॲडमिशन टळते अशा जाहिरातवजा दाव्यांना या वयोगटात अजून तरी पुरावा नाही. माणूस स्वतःच्या पायांवर अधिक काळ राहतो, याला आहे. म्हाताऱ्या माणसांना विचारले तर त्यांतल्या बहुतेकांना दुसरेच अधिक मोलाचे वाटेल.

आपल्याकडची दोन कारणे

भारतात या विषयाला आणखी एक बाजू आहे. देशातील ५३ रुग्णालयांच्या राष्ट्रीय नोंदणीत हार्ट फेल्युअर बळावून दाखल झालेल्या १०,८५१ रुग्णांचे सरासरी वय साठच्या आसपास निघाले. अमेरिकेतील अशाच एका मोठ्या नोंदणीत ते ७२ होते. म्हणजे इथला माणूस हा आजार घेऊनच म्हातारा होतो. साठी ते सत्तरी हा स्नायू टिकवण्याचा काळ, तोच तो जपून बसण्यात घालवतो.

त्यातून स्नायूंची पुंजी मुळातच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि जगभर गाजला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी सुमारे ९ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात सुमारे २१. दिसायला सडपातळ, आतून चरबीचे. भारतीय शरीराच्या या घडणीची चर्चा मधुमेहाच्या संदर्भात होते, पण ती जिन्याच्या संदर्भातही व्हायला हवी. चरबी जास्त म्हणजे तेवढ्याच वजनात स्नायू कमी, म्हणजे हंडे सुरुवातीपासूनच मोजके.

लोहाची कमतरता हेही आपल्याकडचे नेहमीचे दुखणे. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन तर लोहावर चालतेच, स्नायूंच्या ऊर्जेलाही लोह लागते. पंपिंग कमी असलेल्या आणि लोह कमी असलेल्या ४५९ रुग्णांना शिरेतून लोह दिल्यावर त्यांचे सहा मिनिटांत चालण्याचे अंतर वाढले, हे २००९ मध्ये दिसून आले. या रुग्णांमध्ये तोंडाने घेतलेल्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. तेव्हा दमाची तक्रार घेऊन जाताना हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनचीही तपासणी हवी का, हे डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. चहा-बिस्किटावर निभावणाऱ्या आजी-आजोबांच्या ताटात वरणाची वाटी, दही, अंडे परत आणणे हे त्याच कामाचा भाग. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिने किती, हे मात्र विचारूनच.

किती, कसे आणि कधी नाही

हृदयरुग्णांसाठी देखरेखीखालच्या व्यायामाची केंद्रे मोजकी आणि बहुतेक मोठ्या शहरांतच. बाकीच्यांनी डॉक्टरांची परवानगी घेऊन घरीच सुरुवात करायची असते. पहिले एक-दोन आठवडे हाताच्या खुर्चीतून उठणे-बसणे पाच वेळा, दिवसातून दोनदा. ओट्याला धरून टाचा उचलणे. घरातल्या घरात पाच मिनिटे चालणे, मधे थांबून चालले तरी चालते. चालण्याची वेळ आठवड्याला एक-दोन मिनिटांनी वाढवत न्यायची. जेवल्यावर लगेच नाही, पाणी उतरवणारी गोळी घेतल्याघेतल्या नाही, एप्रिल-मेच्या उन्हात तर नाहीच.

जोर किती लावायचा हे ठरवायला मनगटावरच्या घड्याळाचा फार उपयोग नाही. २२० मधून वय वजा करण्याचे जे सूत्र लोक वापरतात, ते मेटोप्रोलोल, कार्व्हेडिलॉल, बिसोप्रोलोल यांसारखी बीटा-ब्लॉकर औषधे घेणाऱ्यांना लागू होत नाही. ही औषधे ठोके मुद्दामच कमी ठेवतात. नाडी अनियमित असणाऱ्यांनाही ते सूत्र कुचकामी. त्यापेक्षा सोपी खूण म्हणजे चालता चालता सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. गाणे म्हणता आले तर वेग कमी आहे, शब्द तुटू लागले तर जास्त. ठोके वाढावेत म्हणून बीटा-ब्लॉकर स्वतःहून बंद करणे धोक्याचे आहे, कारण पंपिंग कमी असलेल्यांचे आयुष्य ज्या औषधांनी वाढते त्यांत ती येतात. औषधामुळे फारच गळून जायला होते असे वाटले, तर मात्रा बदलण्याचा निर्णय डॉक्टरांचा.

तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढले, पायांवर सूज चढली, आडवे पडल्यावर धाप लागू लागली किंवा उशांची संख्या वाढली, तर त्या दिवशी व्यायाम नाही, दवाखाना. छातीत दुखणे, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच क्षणी थांबायचे. व्यायामानंतर नेहमीपेक्षा जास्त दम लागून तो विश्रांतीनेही उतरत नसेल, तर तो खुर्चीच्या वाट्याचा दम नव्हे.

पुढे गेलो की नाही हे कळायला सहा मिनिटांची चाल पुरते. हृदयरुग्णांसाठी १९८५ पासून वापरात असलेली ही चाचणी रुग्णालयात तीस मीटरच्या सरळ मार्गिकेत घेतात. घरी तेवढी जागा नसते, पण पार्किंगमध्ये किंवा गच्चीवर दोन खुणा करून सहा मिनिटांत किती फेऱ्या होतात ते कॅलेंडरवर लिहून ठेवता येते. सोबत कोणी तरी असावे. महिन्याने त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा. तुलना शेजाऱ्याशी नाही, मागच्या महिन्याशी.

आणि त्या पहिल्या मजल्याच्या वळणावर एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवायला सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगावे. भाजी मुलाने आणली तरी कोथिंबिरीची जुडी आजोबांनीच आणावी. सात पायऱ्या, मिनिटभर बसणे, पुन्हा सात पायऱ्या.